दोन क्लासच्या मधले सहा दिवस: सोसायटीत राहून ट्रॉम्बोनचा रियाज

ट्रॉम्बोन म्हणजे सरकती नळी (स्लाइड) पुढे-मागे करून सूर बदलायचं पितळी फुंकवाद्य. त्याचा क्लास आठवड्यातून एकदा असतो, फार तर तासभर. सर समोर असतात तेव्हा सगळं जमतं. श्वास खोल जातो, स्लाइड जागेवर थांबते, सूर लागतो. घरी येऊन दोन दिवसांनी केस उघडली की तोच धडा परका वाटतो. ठाण्यात किंवा नवी मुंबईत नोकरी-संसार सांभाळून मोठ्या वयात हे वाद्य हातात घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाची हीच तक्रार असते. मीही त्यातूनच गेलोय, म्हणून नव्याने शिकणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितोय.

सांगायचं मुख्य एकच आहे. ट्रॉम्बोन वाजवायला ओठांचं बळ लागतं आणि ते रोज ठरावीकच मिळतं. त्यात फ्लॅटमध्ये आवाज करायची मुभाही मोजकी. म्हणून जे काम आवाज न करता होतं ते वेगळं काढा, आणि ओठ व शेजारी दोघांची साथ असते तो अर्धा तास निव्वळ सुरासाठी राखून ठेवा. पुढचं सगळं याच हिशोबाने मांडलंय.

लागणारं सामान

- म्युझिक स्टँड. पलंगावर वही ठेवून वाजवलं की मान खाली जाते आणि श्वास कोंडतो. स्टँड हवाच.
- स्लाइड क्रीम आणि पाण्याची छोटी स्प्रे बाटली.
- साफसफाईसाठी लवचीक ब्रश, रॉड आणि जुन्या धोतराचं किंवा मलमलीचं मऊ कापड.
- प्रॅक्टिस म्यूट, म्हणजे वाद्याच्या तोंडात बसवून आवाज दाबायचं बूच, टेनर ट्रॉम्बोनचाच. ट्रम्पेटचा चालत नाही.
- फोनवर मेट्रोनोम (ठेका देणारा), ट्यूनर (सूर मोजणारा) आणि तानपुरा. तिन्हींची फुकट ॲप्स मिळतात.
- एक वही, पेन्सिल, आणि पायाशी टाकायला जुना नॅपकिन.
- केसमध्ये ठेवायला सिलिका जेलच्या पुड्या.
- सोसायटीच्या सेक्रेटरींच्या नावाने एक साधा अर्ज. तो कशासाठी ते पुढे येतंच.

यातलं बरंचसं ऑनलाइन मिळतं, पण माउथपीस (ओठ टेकवून फुंकायचा सुटा भाग) आणि म्यूट मात्र शक्यतो हातात घेऊन, वाजवून घ्या. त्यासाठी लोकलने सीएसएमटीला उतरून धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांपर्यंत एक चक्कर मारणं परवडतं. जाताना आपला ट्रॉम्बोन सोबत न्या. माउथपीसच्या दांड्याचे लहान आणि मोठा असे दोन प्रमुख माप असतात. चुकीचा दांडा एकतर आत जास्त घुसतो किंवा बाहेर लटकत राहतो.

१. क्लास सुटल्यावर लगेच वही उघडा

घरी पोहोचायची वाट बघू नका. ट्रेनमध्ये, टीएमटीच्या बसमध्ये, नाहीतर जिथे क्लास असतो त्याच इमारतीच्या खाली उभं राहून तीन गोष्टी लिहा: सरांनी काय सुधारलं, नेमकं कोणत्या बारमध्ये (स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेघांमधल्या भागात), आणि ते कसं करून दाखवलं. ‘टोन सुधारायचा’ असं लिहिलं तर मंगळवारी त्याचा काही उपयोग होत नाही. ‘दुसऱ्या ओळीत वरच्या डी च्या आधी श्वास अर्धाच घेतला जातो, खांदे उचलले जातात’ असं लिहिलं तर होतो.

सरांची परवानगी घेऊन त्यांनी वाजवलेला तो तुकडा फोनवर रेकॉर्ड करून घ्या. आपलं वाजवणं राहू द्या, त्यांचंच घ्या. आठवडाभर तो सूर कानात असला पाहिजे.

२. आवाजाची जागा आणि वेळ आधी ठरवा

ट्रॉम्बोन मोकळा वाजवला की वाजवणाऱ्याच्या कानापाशी आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. त्या वेळात वाद्य वाजवायचं नाही हे पक्कं धरा. उरलेल्या वेळातही शेजाऱ्यांची सोय बघावीच लागते. दुपारी दोन ते चार म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं झोपतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीची परीक्षा असते. माझ्या अनुभवात सगळ्यात निर्धोक वेळ म्हणजे संध्याकाळी सात ते आठ, घराघरांत टीव्ही आणि कुकरच्या शिट्ट्या चालू असतात तेव्हाची. सुट्टीच्या दिवशी अकरा ते एकही चालते.

पहिला सूर लावायच्या आधी वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरी स्वतः जाऊन या. फोन किंवा व्हॉट्सॲपवर हे काम होत नाही. ‘काकू, मी रोज सात ते साडेसात एक वाद्य वाजवणार आहे, कुणाला बरं नसेल त्या दिवशी बिनधास्त सांगा’ एवढं पुरतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी तेव्हा एवढंच विचारलं, ‘वरातीत वाजवतात तेच ना?’ हो म्हटल्यावर त्या खूश झाल्या. लोकांचा त्रागा बहुतेक वेळा आवाज कधी थांबणार हे माहीत नसल्यामुळे होतो. वेळ सांगा आणि ती पाळा.

खोली निवडताना आतली, कपड्यांच्या कपाटाची बेडरूम घ्या. कपाटाचं दार उघडं ठेवून बेल, म्हणजे वाद्याचं पसरट तोंड, कपड्यांच्या दिशेने करा, गाद्या-उशाही उपयोगी पडतात. खिडकीकडे तोंड करून वाजवू नका. बाथरूमजवळचा डक्ट तर पूर्ण टाळा, त्यातून आवाज पहिल्या मजल्यापासून गच्चीपर्यंत जातो. खोली लहान असेल तर संगीतकारांसाठीचे इअरप्लग घाला. कान एकदा गेले की परत मिळत नाहीत.

गच्चीवर जायचा मोह होतो, पण घोडबंदर रोड किंवा खारघरच्या टॉवरांच्या गर्दीत गच्चीवरचा ट्रॉम्बोन चार सोसायट्यांना ऐकू जातो. त्यापेक्षा क्लबहाऊस मागा. सेक्रेटरींना द्यायचा अर्ज यासाठीच. त्यात आठवड्यातला एक वार, एक तास, ‘अँप्लिफायर नाही, प्रेक्षक नाहीत’ आणि आपला फ्लॅट नंबर एवढं लिहा. दुपारी क्लबहाऊस रिकामंच असतं, सहसा नाही म्हणत नाहीत.

बाहेर वाजवायचं असेल तर येऊरला जाऊ नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथल्या प्राण्या-पक्ष्यांना हा आवाज सोसायला लावणं बरोबर नाही. उपवन किंवा तलावपाळीला सकाळी चालायला येणाऱ्यांची गर्दी असते. वाशीच्या सागर विहारसारख्या खाडीकाठच्या मोकळ्या जागी आडवेळी आवाज मोकळा सोडून बघता येतो, पण वाऱ्यात सूर ऐकू येत नाही. तिथे लाँग टोनच, म्हणजे लांब धरलेले सूरच, वाजवा. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकतं, हेही लक्षात ठेवा.

म्यूटबद्दल थोडं. प्रॅक्टिस म्यूटमुळे आवाज खूपच कमी होतो आणि रात्री नवाच्या सुमारासही वाजवता येतं. मात्र म्यूट लावल्यावर हवा मागे ढकलल्यासारखी वाटते आणि सूर साधारणपणे किंचित चढतो. रोज फक्त म्यूट लावूनच वाजवलं तर अंगाला तीच ताकद लावायची सवय लागते आणि क्लासमध्ये टोन कोंडलेला येतो. आठवड्यात निदान तीन दिवस तरी मोकळं वाजवायला मिळेल अशी व्यवस्था करा. म्यूटसाठी ट्यूनिंग स्लाइड (पूर्ण वाद्याचा सूर जुळवायची छोटी नळी) बाहेर ओढली असेल तर म्यूट काढल्यावर ती परत जागेवर न्या.

३. आवाज न करता होणारं काम

हे काम कुठेही होतं. ट्रान्स-हार्बरच्या गाडीत ऐरोली ते तुर्भे उभं राहायला लागलं तरी होतं.

पहिलं म्हणजे गाणं. जो सूर गळ्यातून निघत नाही तो ट्रॉम्बोनमधून खात्रीने निघत नाही, कारण इथे दाबायला पट्टी नाही की पडदा नाही. धडा आधी स्वरनामांनी म्हणा, हलक्या आवाजात. सारेगम येत असेल तर सारेगममध्ये म्हणा, कानाला काहीच फरक पडत नाही.

दुसरं, पोझिशन्स, म्हणजे स्लाइड थांबवायच्या ठरलेल्या जागा. वही समोर ठेवून, उजवा हात हवेत हलवत, मेट्रोनोमवर धडा ‘वाजवा’. ताल अवघड असलेल्या धड्यांत निम्मी लढाई इथेच जिंकली जाते. चुका होतात त्या जागी पेन्सिलीने पोझिशनचा आकडा घाला, सगळ्या नोटांवर नको.

तिसरं, श्वास. चार मोजत आत, चार मोजत बाहेर, मग चार-सहा, चार-आठ. खांदे स्थिर, कंबरेचा घेर फुगला पाहिजे. चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबा आणि बसा.

४. राखून ठेवलेला अर्धा तास

सुरुवात सौम्य करा. मधल्या बी फ्लॅटवर, म्हणजे स्लाइड पूर्ण आत असलेल्या पहिल्या पोझिशनवर लांब, शांत सूर. तिथून न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या ईस्टमन स्कूलमध्ये १९२२ ते १९७१ अशी जवळजवळ पन्नास वर्षं शिकवलेल्या एमरी रेमिंग्टन यांचा प्रसिद्ध क्रम घ्या: बी फ्लॅट, ए, बी फ्लॅट, मग बी फ्लॅट, ए फ्लॅट, बी फ्लॅट, असं एकेक पोझिशन लांब जात सातव्या पोझिशनच्या ई पर्यंत. दर वेळी घरी, पहिल्या पोझिशनला परत यायचं. दोन सुरांच्या मध्ये हवा तुटू द्यायची नाही. जगभरचे ट्रॉम्बोनवाले आजही दिवसाची सुरुवात यानेच करतात, आणि नवशिक्यालाही तो पहिल्या महिन्यापासून वाजवता येतो.

त्यानंतर पाच मिनिटं लिप स्लर. स्लाइड न हलवता फक्त ओठ आणि हवेच्या बदलाने बी फ्लॅट, खालचा एफ, परत बी फ्लॅट. नंतर वरचा डी आणि त्याच्या वरचा एफ. मग क्लासमधले अडलेले चार-सहा बार, आणि शेवटी आवडीचं काहीतरी. आवडीचं वगळू नका. एखादी आरती, एखादं जुनं भावगीत, जे कानात पक्कं आहे ते. त्यासाठीच तर हे वाद्य घेतलं.

जितका वेळ वाजवाल तितकाच वेळ मध्ये ओठांना विश्रांती द्या. तीस मिनिटांत प्रत्यक्ष वाजवणं पंधरा-अठरा मिनिटंच भरलं तरी चालेल. नव्या माणसाची मोठी फसगत इथे होते. वरचा सूर लागेना की तो माउथपीस ओठांवर आणखी दाबतो. सूर येतो, पण दाबाखाली ओठ थरथरायचे थांबतात, रक्त अडतं, दुसऱ्या दिवशी ओठ सुजलेला असतो. टोनमध्ये हवेची फसफस यायला लागली, सूर उशिरा फुटायला लागला किंवा आरशात माउथपीसची लाल रिंग खोल दिसली की वाद्य खाली ठेवा. त्या दिवशीचं ओठांचं काम संपलं. वेळ उरला असेल तर तिसऱ्या पायरीकडे जा.

रविवारी दोन तास वाजवून आठवडा भरून काढता येत नाही. रोज वीस मिनिटं वाजवणारा त्याच्या खूप पुढे जातो.

५. स्लाइड आणि तानपुरा

ट्रॉम्बोन शिकण्यातला सगळ्यात गोड भाग हाच, आणि आपल्याकडच्या माणसाला इथे जन्मजात फायदा आहे.

पोझिशन्स सात. तिसरी बेलच्या काठाच्या जरा अलीकडे, चौथी काठाच्या जरा पलीकडे, हे सुरुवातीला डोळ्यांनी कळतं. पण सगळी अंतरं सारखी नसतात. पहिलीपासून दुसरी साधारण ८ सेंटीमीटरवर येते, तर सहावीपासून सातवीचं अंतर १०-११ सेंटीमीटर होतं. नळी जितकी लांब तितकी पुढचा अर्धा स्वर उतरायला जास्त लांबी लागते. म्हणून लांबच्या पोझिशन्समध्ये नवशिक्याचा सूर जवळजवळ नेहमी चढा असतो, हात पुरेसा पुढे जातच नाही. उपाय सोपा आहे. सहाव्या पोझिशनवरचा एफ आणि पहिल्या पोझिशनवरचा एफ एकच सूर आहे. पहिलीवर वाजवा, कानात धरा, मग सहावीवर जाऊन तोच शोधा. सातवीसाठी दुसऱ्या पोझिशनवरचा ई घ्या.

आता तानपुरा. ॲपमध्ये पट्टी काळी पाच लावा, पहिली तार पंचमाची. काळी पाच म्हणजेच बी फ्लॅट, टेनर ट्रॉम्बोनचा घरचा सूर. त्याच्यावर बी फ्लॅट धरला की षड्ज, एफ धरला की पंचम. सूर नेमका जुळला की खोलीतली थरथर थांबते आणि दोन आवाजांचा एक होतो. किंचित हललात तरी लाटा यायला लागतात: हळू लाटा म्हणजे जवळ आलात, वेगाने लाटा म्हणजे लांब आहात. ट्यूनरच्या काट्याकडे बघून हे शिकता येत नाही.

इथे एक गोंधळ हमखास होतो. पहिल्या पोझिशनवरचा वरचा डी तानपुऱ्याबरोबर शुद्ध गंधार म्हणून सुंदर लागतो, पण ट्यूनरचा काटा मात्र तो उतरलेला दाखवतो. चूक कुणाचीच नाही. नळीतून नैसर्गिकपणे येणारा तो गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली असतो, आणि ट्यूनर पियानोच्या मापाने मोजतो. तानपुऱ्याबरोबर वाजवताना तो तसाच ठेवा. पियानो किंवा ट्रॅकबरोबर वाजवायचं असेल तेव्हा हाच डी चौथ्या पोझिशनवर घेऊन बघा, तिथे स्लाइड पुढे-मागे करायला जागा असते. पुढे वरचा जी शिकाल तेव्हा तो दुसऱ्या पोझिशनच्या जरा आत घ्यावा लागतो, तेही याच कारणाने.

६. मींड कुठे आणि कुठे नाही

आपला कान मींडेवर वाढलेला असतो आणि ट्रॉम्बोनमध्ये मींड आपोआप येते. त्यामुळे प्रत्येक दोन सुरांच्या मध्ये घसरण ऐकू यायला लागते आणि स्वतःला ते छानच वाटतं. धड्यात ती लिहिलेली नसेल तर ती काढली पाहिजे.

हवा अखंड सोडा, स्लाइड शेवटच्या क्षणी आणि चपळाईने हलवा, आणि हलते त्याच वेळी जिभेने हलका ‘द’ म्हणा. सुटे, ठाम सूर हवे असतील तर ‘त’. ‘त’ म्हणताना हवेचा धक्का जास्त गेला की तो ‘थ’ होतो आणि सुराआधी फुस्स ऐकू येतं. जीभ दातांच्या फटीतून बाहेर येऊ देऊ नका, वरच्या दातांच्या मागेच राहू द्या. उजवा हात अंगठा आणि दोन बोटांत स्लाइड हलकी धरतो, वाद्याचं वजन सगळं डाव्या हातावर. उजव्या मुठीत स्लाइड घट्ट पकडली की ती चपळ हलणारच नाही.

७. पावसाळा आणि साफसफाई

वाजवून झालं की वॉटर की (आत साठलेलं पाणी सोडायची कळ) उघडून फुंकर मारा, पाणी नॅपकिनवर पडू द्या. माउथपीस काढून ठेवा. तो अडकला तर पक्कड लावू नका, दुकानात माउथपीस पुलर असतो.

आठवड्यातून एकदा स्लाइड पूर्ण काढा. आतल्या दोन नळ्यांपैकी जी पुसताय तीच हातात धरा. एक धरून दुसरी पुसली की दोघींचं समांतरपण बिघडतं आणि त्यानंतर स्लाइड कधीच सरळ चालत नाही. वरून खाली एकाच दिशेने कापड फिरवा. खालच्या टोकाला बोट लागेल तिथे नळी किंचित जाड असते, त्याला स्टॉकिंग म्हणतात. क्रीम तिथेच, तांदळाच्या दाण्याएवढं. बोटाने पसरवा, स्लाइड घालून दहा-बारा वेळा हलवा, मग पाण्याचा फवारा. तपासायला वाद्य उभं धरा, खाली हात ठेवा आणि लॉक सोडा. बाहेरची स्लाइड स्वतःच्या वजनाने सरळ खाली आली पाहिजे. मध्ये अडकत असेल तर साफसफाई पुरी झाली नाही किंवा नळीला पोचा आहे. पोचा घरी काढायला जाऊ नका.

जून ते सप्टेंबर आपल्याकडची दमट हवा पितळेचा आणि केसच्या अस्तराचा, दोघांचाही नाश करते. ओलं वाद्य केसमध्ये बंद करू नका, पंख्याखाली सुकू द्या. सिलिका जेल महिन्याने बदला. दोन-तीन महिन्यांनी कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब घालून वाद्य आतून धुवा. पाणी कोमटच हवं, गरम पाण्याने लॅकर (पितळेवरचा चकाकता थर) सुटतं.

आणि केसमधून वाद्य उचलण्याआधी स्लाइडचं लॉक बघायची सवय लावा. लॉक उघडं असताना उचललं की बाहेरची स्लाइड सुटून लादीवर आपटते, आणि पोचा पडलेल्या स्लाइडची दुरुस्ती खिशाला जड जाते.

८. ट्रेनमध्ये ट्रॉम्बोन

केस जवळजवळ मीटरभर लांब. सकाळी ठाण्याहून सीएसएमटीकडे जाणाऱ्या फास्टमध्ये ती घेऊन चढायचा प्रयत्न करू नका. स्लो पकडा, किंवा क्लासची वेळ अकरानंतरची मागून घ्या. रॅकवर आडवी ठेवलीत तर बेलचा भाग भिंतीकडे, आणि तिच्यावर कुणी बॅग टाकणार नाही इकडे लक्ष. दाराशी उभी धरणं सगळ्यात वाईट.

९. क्लासच्या आदल्या दिवशी

आदल्या दिवशी कमी वाजवा, दहा मिनिटं लाँग टोन पुरे. मग फोन समोर ठेवून धडा एकदाच, न थांबता रेकॉर्ड करा आणि सरांच्या रेकॉर्डिंगशेजारी ठेवून ऐका. वाजवताना जे कळत नाही ते इथे कळतं: ताल कुठे पळतो, श्वासानंतरचा पहिला सूर कुठे खाली बसतो. ते बार वहीत लिहा.

क्लासला गेल्यावर जमलेला भाग आधी वाजवून दाखवायचा मोह आवरा. वही उघडून अडलेले बार दाखवा, आणि तुम्ही काय काय करून पाहिलंत तेही सांगा. सर वेळ तिथेच घालवतील, आणि त्यांनी जे करून दाखवलं ते खाली उतरल्यावर लगेच वहीत जाईल.